मेलबर्नचं बारसं आणि अफझलगंजातली आत्या

बाळ मेलबर्नला, आत्या, म्हणजे मी, अफझलगंजात आणि मधे माझा लॅपटॉप. आम्हा दोघींची गाठ घालून द्यायची, एवढंच त्याला काम होतं. नेमकं तेवढंच तो करत नव्हता.

माझा धाकटा भाऊ चिन्मय याच्या मुलीचं बारसं त्या रविवारी होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि एकुलती एक आत्या मी. कंपनीनं रजा दिली नाही. तेव्हा चिन्मय म्हणाला, "ताई, तू कॅमेऱ्यावरून ये. मी भिंतीवर मोठा पडदा लावतो, सगळ्यांना दिसशील." नाव मी ठरवलं होतं आणि कोणालाही, अगदी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मी पोचले नाही तर नाव ठेवायला तिथं माझ्या भावजयीची, रेणूची बहीण तयारच होती. आज मावशी नाव ठेवणार, उद्या कडेवर घेऊन फिरवणार आणि मी जन्मभर फोटोतली आत्या राहणार, या विचारानं मला आठवडाभर धास्ती लागली होती.

शनिवारी कुकटपल्लीच्या आमच्या फ्लॅटमधून रंगीत तालीम केली. चिन्मयच्या नाकावरचा तीळसुद्धा स्वच्छ दिसला. पण माझ्या सासऱ्यांना, नामदेवरावांना, ते कळलं आणि त्यांचा फोन आला. "बारसं असं कोपऱ्यात बसून करतात का? शेजारच्या हवेलीवाल्या मावश्यांना बोलावलोय मी. इथंच कर बेटा."

इथंच म्हणजे शहराच्या जुन्या भागात, त्यांच्या अफझलगंजातल्या घरी. माझ्या दिरानं, प्रशांतनं, तिथं नुकतंच ब्रॉडबँड घेऊन वायरलेसची पेटी बसवली होती. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला मोरपंखी साडी नेसून चार लोकांत मिरवायचं होतं. शिवाय भीती कसली? एका घरातला लॅपटॉप दुसऱ्या घरात नेला की रुसतो आणि त्याची समजूत कशी काढायची, हे अमेरिकेतल्या लोकांना फोनवरून सांगायचा तर मला पगार मिळतो.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. अफझलगंजातल्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. प्रशांतनं पासवर्ड घातला. कोपऱ्यात सिग्नलच्या सगळ्या कांड्या उभ्या राहिल्या, 'जोडले गेले आहे' असा निरोपही आला. आणि पान एकही उघडेना.

दिवाणखान्यात शोकेसवरचा फोन वाजला. चिन्मय. "ताई, पडदा काळाच दिसतोय गं."

"येतेच आहे!" मी रिसीव्हर बाजूला ठेवला आणि टेबलाकडे धावले. जोडणी तोडली, पुन्हा जोडली. तेच. पुन्हा फोनकडे. "दोन मिनिटं थांब." पुन्हा टेबलाकडे. साडीच्या निऱ्या सुटत आल्या होत्या. मावश्या खुर्च्या ओळीनं लावून बसल्या होत्या आणि माझी धावपळ बघत होत्या.

"वहिनी, बंद करून चालू करून बघू का?" प्रशांत म्हणाला.

हे वाक्य मी स्वतः रोज लोकांना ऐकवते. ते ऐकून लोक फोनवर का खेकसतात, ते मला त्या दिवशी कळलं. "तू जरा बाहेर जा," मी म्हटलं. तो बिचारा गेला. बंद करून चालूही केलं. काही नाही.

"लई परेशान होऊ नको बेटा," सासरे म्हणाले. "डब्बाच बेकार दिसतोय तुझा."

"डबा चांगला आहे, बाबा!" माझा आवाज जरा जास्तच चढला. सासूबाईंनी माझ्यापुढे घुगऱ्यांची वाटी सरकवली. मला रडू येत होतं.

आणि मग आठवलं. शनिवारी तालमीत चित्र अडखळू नये म्हणून मीच शहाणपणा करून लॅपटॉपमध्ये आमच्या घरच्या नेटचा पत्ता कायमचा ठोकून ठेवला होता. इथल्या पेटीचे आकडे वेगळे. म्हणजे मी अफझलगंजात बसून कुकटपल्लीचा पत्ता सांगत होते, मग टपाल येणार कुठून! स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली, पत्ता पुसला आणि 'आपोआप घे' वर टिचकी मारली. पान उघडलं! मावश्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कॅमेरा सरळ केला, पदर सारखा केला.

डोक्यावरचा पंखा मंद झाला. थांबला. पेटीवरचे हिरवे दिवे विझले.

"करंट गेला," सासरे म्हणाले. जसं काही मला दिसतच नव्हतं.

मी टेबलावर हात आपटला. त्या पेटीचा, वीजवाल्यांचा, रजा नाकारणाऱ्या साहेबाचा आणि जगातल्या सगळ्या पडद्यांचा मला इतका राग आला, की लॅपटॉप खिडकीतून फेकायचाच बाकी होता. मी रिसीव्हर उचलला. "चिन्मय, वीज गेली रे."

तो अवघडून म्हणाला, "ताई, इथं सगळे खोळंबलेत. बाळही कंटाळलंय. रेणूची आई म्हणते, मावशीनं..."

त्याच्या मागं बाळ रडत होतं. टाहो फोडून. मधेच दम लागून थांबत होतं, उचकी देत होतं, पुन्हा सुरू होत होतं. मी ऐकत राहिले. उचकीसुद्धा मला ऐकू येत होती.

"चिन्मय," मी म्हटलं, "तिचं रडणं मला स्पष्ट ऐकू येतंय."

"अगं हो, सॉरी. तिला आत नेतो."

"नेऊ नकोस! फोन तिच्या कानाला लाव."

आम्ही दोघं तासभर फोनवरूनच तर भांडत होतो की जोडलं का जात नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा. कुठल्याही काळात नाव कानातच सांगत आले, पडद्यावर कोणी सांगितलंय?

सासूबाईंना आधी समजलं. त्यांनी मावश्यांना उठवलं, साऱ्याजणी माझ्यामागं उभ्या राहिल्या. पलीकडून बाळाचा श्वास ऐकू आला, अगदी जवळून. मी तोंडाशी हात धरला, "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. त्याबरोबर माझ्या पाठीत दणादण धपाटे बसले. बारशाची रीतच ती. अंधारलेल्या दिवाणखान्यात बायका खिदळत होत्या, मी मार खात होते आणि रडत होते.

धपाटे थांबले तेव्हा फोनवर चिन्मय आला. "ताई, ती गप्प झाली बघ. पण नाव काय सांगितलंस? इथं कोणालाच ऐकू आलं नाही."

मी मागं वळून पाहिलं. गोंधळात आमच्याकडेही कोणी ऐकलं नव्हतं. म्हणजे ते नाव अजून आम्हा दोघींनाच माहीत होतं, मला आणि तिला.

"सांगते," मी म्हटलं. "जरा थांब." आणि खुर्ची ओढून आरामात बसले.