टर्बोच्या शेजारची साधी गाडी

मी एक जुनी, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे. मित्रांनो, माझा रंग कधीकाळी लालभडक होता. आता टपावर तो थोडा विटला आहे. साकोलीत एका घरासमोर पत्र्याच्या शेडखाली मी राहते. शाळेतून येणारी मुले माझ्या काचेला नाक लावून आत बघतात आणि विचारतात, "हे रेसची गाडी हाय का?" मला बोलता येत नाही, म्हणून त्यांना उत्तर मिळत नाही. ते आज तुम्हाला देते.

मी रेसची गाडी नाही. रेसची म्हणावी अशी माझी बहीण आहे. कारखान्यात आमचा सांगाडा एकाच साच्यातून निघाला. पुढे मात्र तिच्या पोटात जास्त ताकदीचे टर्बो इंजिन बसले आणि माझ्या पोटात साधे. तिला मोठी चाके, चपटे टायर, कडक स्प्रिंगा आणि मागे पंखासारखी पट्टी मिळाली. मला लहान चाके, जाड टायर, मऊ स्प्रिंगा आणि कापडी सीट मिळाल्या. दिसायला आम्ही सारख्याच, पण नागपूरच्या शोरूममध्ये पोहोचल्यावर आमच्यातला फरक मला पहिल्याच दिवशी कळला. टर्बोला मधोमध, दिव्यांच्या खाली उभे केले. मला पाण्याच्या कूलरजवळ. लोक तिच्याबरोबर फोटो काढत आणि तहान लागली की माझ्या बॉनेटवर पर्स ठेवून पाणी पीत.

एका रविवारी तिथे तिघे जण आले. तेजराम रामटेके हे चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतून नुकतेच निवृत्त झाले होते. खाणीत माणसांना खाली सोडणारा आणि वर आणणारा एक लोखंडी पिंजरा असतो. वर यंत्राजवळ बसून तो पिंजरा चालवायचा, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. पिंजऱ्यात माणसे असली की तो एका ठरलेल्या, सावकाश वेगानेच चालवावा लागतो. म्हणूनच असेल, त्यांच्या मनात वेगाने पळणाऱ्या गाडीची फार हौस होती. त्यांची मुलगी तृप्ती पाटबंधारे विभागात अभियंता म्हणून साकोलीला नोकरीला लागली होती. घरातली पहिली गाडी बाबांच्या आवडीची घ्यायची, असे तिने ठरवले होते. बरोबर तृप्तीची आई वच्छलाबाई होत्या.

शोरूममधला चंद्रकुमार नावाचा तरुण त्यांना आधी टर्बोत बसवून घेऊन गेला. परत आले तेव्हा तेजरामांचा चेहरा उजळला होता. मग तो त्यांना माझ्यात बसवून त्याच रस्त्याने घेऊन गेला. मी जिवाचे रान केले. पण टर्बोनंतर मी म्हणजे जेवणानंतरची भाकरी.

शोरूममध्ये परतल्यावर ते म्हणाले, "मोठीच घेऊ. एकदाच घ्याची हाय."

चंद्रकुमार आनंदाने कागद आणायला वळला. तेवढ्यात वच्छलाबाई शांतपणे म्हणाल्या, "त्या गाडीत तुम्ही सारा वेळ कंबर हातानं दाबून धरली होती. मी मांगून पाहून राहिली होती."

"काही नाही होत कंबरेले," तेजराम म्हणाले.

"पाच मिनिटांच्या रस्त्यावर होऊन राहिलं, तं रोज काय होईन?"

खाणीच्या पायऱ्यांवरून ते एकदा घसरून पडले होते. तेव्हापासून कंबर अधूनमधून धरायची. तृप्तीने बाबांकडे पाहिले. तिला खरे तर टर्बोच घ्यायची होती, त्यांच्यासाठी. तिने विचारले, "बाबा, खरं सांगा, दुखली का?"

ते काचेबाहेर बघत राहिले. हात मात्र कंबरेवर गेला. त्यातच तिला उत्तर मिळाले. तिने माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "मग हे साधी घेऊ."

मित्रांनो, आपली निवड झाली याचा आनंद व्हायला हवा होता. पण साकोलीपर्यंतच्या सगळ्या वाटेत तेजरामांनी माझ्या एकाही बटणाला हात लावला नाही. लाखनीजवळ चहाला थांबलो तेव्हा फक्त एवढेच म्हणाले, "तुम्हाले वाटते मी म्हातारा झालो." तृप्तीचा चहा तसाच राहिला.

पुढचे काही महिने मी तृप्तीची झाले. तिचे काम गावोगावच्या तलावांवर. कुठे पाळ, म्हणजे तलावाचा बांध, खचलेली, कुठे कालव्याचे दार अडकलेले. हायवे सोडला की रस्त्यावर खड्डे, गावाच्या तोंडाशी उंच गतिरोधक, कापणीच्या दिवसांत अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेले धान. माझे टायर जाड होते. खड्ड्यातून गेले तरी मला फार लागत नसे आणि तृप्तीलाही हादरा बसत नसे. पाळीवर उतरताना तिच्या सँडलला चिखल लागायचा. गाडीत बसण्यापूर्वी ती तो काडीने काढून टाकायची. तिचे ते जपणे मला आवडे.

तेजराम मला रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत. पण चालवत नसत. कुणी पाहुणा आला आणि माझे कौतुक करू लागला, की ते म्हणत, "हे साधी हाय. खरी वेगळी राहते." हातातले फडके तेव्हा माझ्याच दारावर असे. मला वाईट वाटे. मी त्यांना नको होते असे नाही. पण त्यांनी जिची वाट पाहिली होती, ती मी नव्हते.

वर्षभराने साकोलीतल्या हेमराज अग्रवालांनी टर्बो घेतली. त्यांची राइस मिल होती आणि तृप्तीशी ओळख होती. एके दिवशी ते ती घेऊन आमच्या दारी आले. माझी बहीण माझ्या शेजारी उभी राहिली, तशीच चकचकीत. तेजराम तिच्याभोवती दोनदा फिरले.

हेमराज म्हणाले, "काकाजी, मी दोन दिवस रायपूरले चाललो, रेल्वेनं. गाडी इथंच ठेवतो. तुम्ही चालवून पाहा. मन भरलं तर सांगा. शोरूमवाले जुनी गाडी घेऊन नवी टर्बो देऊन राहिले."

तृप्तीने लगेच मान डोलावली. वडिलांचे मन मोडल्याचे तिच्या मनातून गेलेच नव्हते. ती त्यांना म्हणाली, "बाबा, तुम्ही हो म्हणा. कंबरेसाठी मऊ गादी टाकू सीटवर. बदलून घेऊ."

मला बदलून घेणार होते. मी शेडखाली उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेजराम आणि वच्छलाबाई टर्बोत बसून करडीला निघाले. करडीला वच्छलाबाईंचे भाऊ आनंदराव राहतात, त्यांची तिथे धानाची शेती आहे. तृप्ती त्या दिवशी कामावर बसने गेली, कारण आदल्या संध्याकाळीच तिने मला धुऊन-पुसून ठेवले होते. शोरूमवाले बघणार होते ना. मला एवढी स्वच्छ कधीच केली नव्हती आणि त्या स्वच्छतेची मला भीती वाटत होती.

संध्याकाळी टर्बो परत आली. तिच्या पुढच्या बंपरच्या ओठावर, अगदी खाली, लांब ओरखडा होता. तेजराम एका हाताने दार धरून हळूहळू उतरले. तृप्ती बाहेर आली.

"कशी वाटली?" तिने विचारले.

तेजराम तिथे ओट्यावर बसले. "गाडी गजब हाय. खोटं कायले सांगू? हायवेवर एक तुकडा मोकळा भेटला. पाय ठेवला न ठेवला तं अंग सीटले चिकटलं. थेवढी मजा जिंदगीत नाही आली."

"मग?"

"मग काय. समोर ट्रॅक्टर. त्याच्या समोर बैलबंडी. मंग फाटा. तिथं आनंदराव भेटला, त्याले समोर बसवलं. तिथून करडीपावेतो ब्रेकवर पाय ठेवून गेलो. तुझी आई मांगं गुडघे पोटाले लावून बसली होती, पन बोलली नाही. गावाच्या तोंडी गतिरोधक आला, तं आनंदरावनं दोन फळ्या आनून ठेवल्या, तरी पोट घासलंच. गावचे पोट्टे हसून राहिले होते." ते स्वतःही हसले. मग त्यांनी ओरखड्याकडे पाहिले. "हेमराजले सांगतो, ओरखड्याचं काम मी करून देईन. दुसऱ्याची गाडी हाय."

तृप्ती म्हणाली, "रोज थोडंच करडीला जायचं आहे, बाबा?"

"रोज तू तलावावर जातं. मी बाजारात जातो, दवाखान्यात जातो. तुझी आई बहिणीकडं जाते. आपला रोजचा रस्ता हाच हाय, बाई. हायवेचा थो तुकडा नाही." ते उठले आणि माझ्याजवळ आले. "चाबी दे हिची. उद्या मी चिखल्याले जाऊन येतो."

त्या रात्री मला कोणीच काही सांगितले नाही. पण मला कळले होते.

सकाळी ते एकटेच निघाले. एक वर्ष त्यांनी मला फक्त पुसले होते. आज ते स्टिअरिंगमागे बसले, सीट मागे-पुढे केली, आरसा वळवला. सुरुवातीला माझ्याशी फार हळू वागले. तुमसर ओलांडल्यावर दोन्हीकडे धानाच्या बांध्या आणि मधे सरळ, रिकामा रस्ता आला. त्यांनी मला तिसऱ्या गिअरमध्ये टाकले आणि पाय पूर्ण खाली दाबला. माझ्या आयुष्यात कोणीच तसे केले नव्हते. होते नव्हते ते सगळे मी दिले. इंजिन गाऊ लागले, काटा तांबड्या रेघेजवळ गेला. आणि तरीही आम्ही रस्त्याकडेच्या पाटीवर लिहिलेल्या वेगाच्या आतच होतो. तेजरामांनी चौथा गिअर टाकला. मग एक वळण आले, पुन्हा तिसरा. मी वळणातून अलगद निघाले. ते मोठ्याने हसले. गाडीत कोणी नव्हते, तरी ते बोलले, "अरे, हे तं पळते."

मित्रांनो, माझ्या बहिणीकडे माझ्या दुप्पट ताकद आहे. पण त्यातली बरीचशी ती पोटातच ठेवून घरी परतते. माझ्याकडे थोडीच आहे, ती सगळी तेजरामांच्या कामी आली. यात मोठेपणा माझा नाही. मला तशी निवडणाऱ्यांचा आहे.

चिखल्याला खाणीच्या वसाहतीत त्यांचे जुने सोबती नत्थू भेटले. तेजरामांनी चालवलेल्या पिंजऱ्यातून कितीतरी वर्षे खाली-वर केलेले. नत्थूंनी मला चहूबाजूंनी पाहिले आणि विचारले, "मोठी काहून नाही घेतली गा?"

"हे माझी हाय," तेजराम म्हणाले. "बस. फिरवून आनतो."

आम्ही वसाहतीला वळसा घालून आलो. नत्थूंच्या हातातली पिशवी पूर्ण वेळ त्यांच्या मांडीवर होती आणि त्यातला एकही टोमॅटो दबला नाही.

याला आता सात वर्षे झाली. हेमराजांनी टर्बो पुढे विकली. नवा मालक नागपूरचा आहे आणि तिला सुटीच्या दिवशी बाहेर काढतो, असे ऐकते. ती सुखात असावी. तिचा मला कधी राग आला नाही. ज्याचा रस्ता मोकळा आणि गुळगुळीत आहे, त्याने तिला जरूर न्यावे. तुम्ही मोठे होऊन गाडी घ्याल तेव्हा एवढेच करा. ज्या रस्त्याने रोज जायचे, त्याच रस्त्यावर ती चालवून पाहा. आणि घरातल्या सगळ्यांना बरोबर बसवा, मागच्या सीटवरही. एकदा घेतली की तिच्या टायरमधली हवा तपासत राहा, चाकांत अडकलेला चिखल वाळू देऊ नका आणि पाहुण्यांसमोर तिला कमी लेखू नका. आम्हाला ऐकू येते.

आता माझा एक दरवाजा कुरकुरतो. तृप्तीला विभागाची जीप मिळाली आहे, त्यामुळे माझे काम कमी झाले असेल असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. मागच्या महिन्यापासून वच्छलाबाई गाडी शिकत आहेत. साकोलीबाहेर एक मोकळे मैदान आहे. तिथे तेजराम शेजारी बसतात आणि त्या स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरतात. पहिल्या दिवशी त्यांनी क्लच सोडला की मी बंद पडायचे. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तेजराम एकदाही ओरडले नाहीत. मीही धक्का देऊन त्यांना घाबरवले नाही, माझ्यात तेवढी ताकदच नाही.

काल त्यांनी मैदानाला पूर्ण फेरी मारली. न थांबता. कपाळाचा घाम पदराने पुसला आणि समोर बघत बसून राहिल्या.

"जमलं," तेजराम म्हणाले. "घरी जाऊ?"

"थांबा," वच्छलाबाई म्हणाल्या. "अजून एक चक्कर मारतो."

त्यांनी क्लच हळूच सोडला आणि मी निघाले.