कुर्रमहाराजांची फुंकर

भांडगावच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. बायका पोरं कडेवर घेऊन आणि पुरुष मोबाइल उंच धरून उभे होते. बहिऱ्यांचे कान उघडणारे कुर्रमहाराज आले होते! बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करते ना, तोच कुर्र या गृहस्थांनी आत्याकडून पळवून धंद्याला लावला होता.

शितलची सात महिन्यांची चिऊ कुकरच्या शिट्टीलाही पापणी हलवत नसे. पण महाराजांनी तिच्या कानाला तोंड लावून "कुर्रर्रर्र!" केलं मात्र, चिऊ टुणकन उडाली.

"ऐकलं! नातीनं ऐकलं!" शितलचे सासरे आबा नाचायलाच लागले.

"कानाचं कुलूप काढलंय," महाराज गरजले. "आता वर्षभर डागदराची सावली पडू द्यायची न्हाई. पडली की कुलूप परत बंद!"

शितल मनात हिशेब करू लागली. वर्षभर? पोर खरंच ऐकत नसेल तर बोलायला शिकणार कशी? शिवाय त्या कुर्रनं चिऊचं जावळ उडालेलं तिनं पाहिलं होतं. तिनं चिऊला मांडीवर घेतलं आणि तोंडातून आवाज न काढता कानात नुसती फुंकर मारली. चिऊ टुणकन उडाली!

"आबा, म्या तर कुर्र केलंच न्हाई! नुसतं वारं घातलं!"

गर्दीत खसखस पिकली. "महाराज, आता लांबनं करा की कुर्र!" शेजारची सोजराबाई ओरडली.

"नादाला अंतर चालत न्हाई, माई."

"का वो? रेंज जाती व्हय?"

महाराजांना करावंच लागलं. असा कुर्र केला की शिखरावरची कबुतरं उडाली. चिऊ आपली आईच्या बांगड्या चघळत बसली होती.

"कुर्र झालं, आता धपाटे!" बारशाला आत्याच्या पाठीत घालतात तसे बायकांनी महाराजांच्या पाठीत घातले. महाराज झोळी सोडून हायवेकडं पळाले.

शितल तशीच दवाखान्यात गेली, मागोमाग आबा. डॉक्टर करुणाताईंनी आधी शितलच्याच कानात मऊ बोंडाची बारीक नळी बसवली. "कानानं उत्तर दिलं," त्या म्हणाल्या.

"कान बोलतो? ह्यो तर खरा चमत्कार!"

"चमत्कार नाही, आबा. चांगल्या कानात आवाज गेला की आतल्या नाजूक पेशी हलतात आणि त्यांचा मंद आवाज बाहेर येतो. हे यंत्र तो टिपतं. पूर्वी एकेक सूर सोडून थांबावं लागे. आता कितीतरी सूर एकदम सोडतात, बाळाची डुलकी मोडायच्या आत काम होतं."

मग नळी चिऊच्या कानांत बसवली. दोन्ही कान गप्प राहिले.

"ही पहिली चाळणी आहे," करुणाताई म्हणाल्या. "कानात मळ किंवा पाणी असलं तरी उत्तर येत नाही. पुण्याला पुढची तपासणी करा, पण लगेच. लागलं तर श्रवणयंत्र बसवू. भाषा शिकायचं वय हेच."

शितल रडली. तरी जीव हलका झाला, कारण जायचं कुठं ते कळलं होतं.

"गाडी काढतो," आबा म्हणाले. "उद्याची भाषा न्हाई."

तेव्हा मंडळी, बाळ दचकलं म्हणजे त्यानं ऐकलं असं समजू नका. हाकेला वळत नसेल तर कान तपासून घ्या, आणि आजच घ्या. फुंकरीनं चहा निवतो, कान उघडत नाही.