वळणारी भिंत

कला माणसाला माणसाकडे बघायला शिकवते. प्रदर्शनाच्या कार्डासाठी खटपट्याने हे वाक्य तीनदा लिहून खोडलं आणि चौथ्यांदा तसंच ठेवलं. तेव्हा त्याची बायको घर सोडून बहिणीकडे गेल्याला दोन महिने झाले होते. ती गेली हे त्याच्या लक्षात यायलाच दीड दिवस लागला होता, कारण तो बनवत असलेल्या भिंतीतल्या उजवीकडच्या मोटारी अडकत होत्या.

खटपट्या हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं. तो तंत्रशाळेत शिकवायचा, मग शाळा सोडून गॅरेजमध्ये शिरला आणि गाडी बाहेर उन्हात उभी राहू लागली. गॅरेजमध्ये उभी राहिली ती भिंत. तळहाताएवढी पत्र्याची शेकडो पानं, प्रत्येक पानामागे एक इवलीशी मोटार, वर एक कॅमेरा आणि खाली एक संगणक. समोर माणूस आला की सगळी पानं सर्रकन त्याच्याकडे वळायची. तो डावीकडे गेला की डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. तो निघून गेला की पानं माना खाली घालायची.

“बरं, आणि मग?” मेव्हण्याने विचारलं होतं.

“मग काही नाही. वळतात.”

“पाहुणे आले की आमचा कुत्राही वळतो,” मेव्हणा म्हणाला. त्यानंतर त्याला गॅरेजमध्ये बोलावणं गेलं नाही.

या भिंतीवर खटपट्याचा संसार टांगलेला होता, आणि हे त्याने स्वतःच ठरवलं होतं. बायकोने प्रदर्शनाला यायचं कबूल केलं होतं. भेटल्यावर तिला “चुकलं माझं” म्हणावं, हा सरळ मार्ग त्याला सुचला नव्हता असं नाही. पण हे शब्द त्यांच्या घराण्यात कुणी उच्चारल्याचं ऐकिवात नव्हतं. त्याने वेगळाच बेत आखला. ती भिंतीसमोर उभी राहील. सगळी पानं एकदम तिच्याकडे वळतील. इतक्या वर्षांत आपण जे केलं नाही ते भिंत करेल, तिला ते उमजेल, आणि ती घरी येईल. दोन शब्दांचं काम त्याने शेकडो मोटारींवर सोपवलं.

शिवाय पानं तिचीच होती. रोज संध्याकाळी कामावरून आली की ती गॅरेजच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची आणि पत्र्याच्या कडा कानशीने घासायची. बोटं कापली की चिकटपट्टी लावून पुढचं पान घ्यायची. तिला पत्र्याची आवड होती असं नाही. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर गॅरेजमध्ये बसण्यावाचून इलाज नव्हता. बहुतेक दिवस तेही दोन शब्द व्हायचे नाहीत.

प्रदर्शनाच्या दिवशी भिंतीने कमाल केली. प्रदर्शनाच्या संचालिका बाई आत आल्या, पानं वळली. पाण्याचा जार खांद्यावर घेतलेला माणूस आला, पानं इतक्या आदराने वळली की तो बिचारा संकोचून जार खाली ठेवून उभाच राहिला. कोपऱ्यात कुणीतरी पोछा उभा करून ठेवला होता. त्याच्या झिपऱ्या बघून काही पानं त्याच्याकडेही वळली.

“पोछ्यालासुद्धा मान!” संचालिका बाई म्हणाल्या. “किती समतावादी काम आहे हो!”

खटपट्या नम्रपणे हसला. त्याचं लक्ष दाराकडे होतं.

बायको आली ती राखाडी स्वेटरमध्ये. थोडी बारीक झाली होती. आपण सांगण्यापेक्षा भिंतच सांगू दे, म्हणून त्याने तिच्या तब्येतीची चौकशीसुद्धा केली नाही. नुसता हात करून जागा दाखवली.

“इथे?”

“हो. थोडी पुढे. हां, बस.”

ती उभी राहिली. पानं माना खाली घालून होती.

“चालू आहे ना रे?”

“चालूच आहे. जरा हल बघू.”

ती हलली. एक पाऊल डावीकडे गेली, एक उजवीकडे. मग, इतकी वर्षं त्याच्या खटपटी पाहिलेली असल्यामुळे, त्याने न सांगता दोन्ही हात वर करून हलवले. भिंत ढिम्म. तेवढ्यात मागून पाणीवाला रिकामा जार न्यायला आला आणि सगळीच्या सगळी पानं तिच्या खांद्यावरून त्याच्याकडे वळली.

“सॉरी हं ताई,” पाणीवाला म्हणाला. तो का म्हणाला हे त्यालाही सांगता आलं नसतं.

वायर निसटली असेल, उजेड कमी असेल, असं पुटपुटत खटपट्या संगणकापाशी बसला. पण वायर जागेवर होती आणि उजेड भरपूर होता. मग त्याला गॅरेजमधल्या चित्रफिती आठवल्या. माणूस कसा दिसतो आणि माणूस नसताना खोली कशी दिसते, हे भिंतीला शिकवावं लागतं. माणूस म्हणून त्याने स्वतःला दाखवलं होतं, मग शेजाऱ्यांना, टपालवाल्याला, गॅसवाल्याला. आणि कुणी नसताना कॅमेरा तासन्‌तास चालू सोडून दिला होता.

त्याने त्यातली एक फीत उघडली. बायको मागे येऊन उभी राहिलेली त्याला दिसली नाही.

पडद्यावर गॅरेज होतं. कोपऱ्यात खुर्ची, खुर्चीत ती. कानस चालू होती. मग ती उठली, चहा घेऊन आली, एक कप कॅमेऱ्याच्या दिशेने कुणापुढे तरी धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि मग खाली ठेवला. पुन्हा बसली. त्याने दुसरी फीत उघडली. त्यातही ती होती. तिसरीतही.

“यांना नाव काय दिलंयस?” तिने विचारलं.

तो दचकला. “तांत्रिक असतं गं ते.”

“वाच ना.”

“अगं, त्याचा अर्थ तसा नसतो…”

“वाच.”

“रिकामी खोली,” तो म्हणाला.

ती पडद्याकडे वाकून बघत राहिली. “या स्वेटरचं बटण तेव्हापासून तुटलंय होय,” ती म्हणाली. “मला वाटलं, आत्ता प्रवासात पडलं.”

ती रडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. निदान काहीतरी बिघडलंय असं वाटलं असतं, आणि बिघडलेल्या गोष्टींचं काय करायचं हे त्याला माहीत होतं.

तेवढ्यात संचालिका बाई आल्या. झाला प्रकार त्यांनी दोनदा ऐकला आणि टाळीच वाजवली.

“म्हणजे ज्या बाईने ही पानं घासली, तीच या भिंतीला दिसत नाही? अहो, हे तुम्ही कार्डावर का नाही लिहिलंत? हीच तर खरी कलाकृती! वहिनी, तुम्ही रोज थोडा वेळ इथे येऊन उभ्या राहाल का?”

खटपट्याने बायकोकडे बघायला हवं होतं. त्याने कार्डाकडे बघितलं. खाली दोन ओळींपुरती जागा होती.

“बघू,” तो म्हणाला.

मान वर केली तेव्हा बायको दाराशी पोहोचली होती. ती भिंतीसमोरून पूर्ण लांबी चालत गेली होती. एकही पान हललं नव्हतं.

पुढचे काही दिवस खटपट्या जेवणखाण विसरून भिंतीला बायको शिकवत होता. लग्नातले फोटो दाखवले, सहलीतले दाखवले. बरेचसे फोटो त्याने काढलेले असल्यामुळे त्यांत मुख्यतः यंत्रं होती आणि ती कडेला अर्धी. तरी भिंत शिकली. बायकोचा फोटो समोर धरला की सगळी पानं वळू लागली. हे सांगायला तो धावतपळत मेव्हणीकडे गेला.

“दुरुस्त झाली!” तो दारातूनच म्हणाला. “आता ओळखते तिला. बोलव ना तिला बाहेर.”

मेव्हणी भाजी निवडत होती. तिने त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाली, “भाऊजी, ताई इथे नाही राहत आता. भाड्याने खोली घेतली तिने. त्या दिवशी प्रदर्शनाला तुम्हाला तेच सांगायला आली होती.”

खोली बसथांब्याच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर होती. भाड्याचा करार भिंत प्रदर्शनात उभी राहण्याच्या आधीच्या महिन्यात झाला होता.