सात नंबरची फळी

अकोटच्या एका बंद पडलेल्या कापूस-जिनिंग गिरणीच्या आवारात त्या रविवारी सकाळी दहा वाजता पाचएकशे माणसं एका कोऱ्या फळीकडं टक लावून बसली होती. मीही होते. मला शकुननं ओढून आणलं होतं.

शकुन माझी माहेरची शेजारीण, बाजारात फुलं विकते. तिची सोळा वर्षांची रागिणी पाच वर्षांपासून इन्सुलिनवर आहे. दिवसातून चारदा सुई, त्यातल्या तीन जेवणाआधी. मी आईला भेटायला अमरावतीहून एसटीनं आले, चपला काढते न काढते तोच शकुन दारात. "चाल संध्या, आज रागिणीची फळी निघून राहिली." मी चहासुद्धा घेतला नव्हता, त्यामुळं माझं डोकं आधीच फिरलेलं होतं.

मंडपात स्टेजवर एक मोठं घंगाळ. त्यात कोमट पाणी, गोमूत्र, तुळशीची पानं. शेजारी एक परात, आणि परातीत भक्तांनी वाहिलेली औषधं. गोळ्यांची पाकिटं, खोकल्याच्या बाटल्या, दम्याचा एक पंप. मध्ये काष्ठवाणी महाराज. शेंदूरजनाघाटकडले म्हणे. आधी काय करत होते ते कोणाला माहीत नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

"झाडानं शंभर वर्षं जगाचं ऐकलं," महाराज माइकवर सांगत होते. "आता ते बोलते. विज्ञानाले हे आत्ता समजून राहिलं. व्हायब्रेशन म्हणतात त्याले. आमी याले कृपा म्हणतो."

व्हायब्रेशन म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या दोन शिकलेल्या माणसांनी माना डोलावल्या.

मग त्यांचा चेला झोळीतून कडुनिंबाची एक फळी काढायचा. महाराज ती पुढून सगळ्यांना दाखवायचे. कोरी, भस्म फासलेली. फळी घंगाळात जायची, एक आरती व्हायची. चांगली लांब, सगळी कडवी. आरती संपली की महाराज फळी बाहेर काढून हातानं चोळायचे आणि लाकडातून अक्षरं वर यायची. चांगली खोल, कोरीव, सुबक अक्षरं. लोक हात जोडायचे, बाया डोळे पुसायच्या. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला.

रागिणीचं नाव पुकारलं. फळी बुडाली, आरती झाली. अक्षरं आली: "सुई सोड".

शकुननं फळी कपाळाला लावली. मग पिशवीतून इन्सुलिनची बाटली काढली आणि परातीत ठेवली. सगळं दोन मिनिटांत झालं. ती परत येऊन बसली.

"आई," रागिणी हळूच म्हणाली, "दुपारी जेवायच्या आधीची सुई?"

"आता नाई लागत बेटा."

"डॉक्टर म्हणत होते, एक दिवसही सोडायची नाई."

"डॉक्टर माणूस आहे. ह्या फळीले काय स्वार्थ आहे?"

मी शकुनच्या हातातून फळी घेतली. भांडायच्या तयारीनंच घेतली होती. पण अक्षरावरून बोट फिरवलं आणि ते तिथंच अडलं.

इथं माझा धंदा सांगावा लागेल. अमरावतीत माझं लाकडी पाट्यांचं दुकान आहे. घराची नावं, दवाखान्याचे बोर्ड, निरोप समारंभाची मानचिन्हं. अक्षरं संगणकावर मांडायची, मग मशीनचा फिरता बिट ती लाकडात कोरतो. माझा तीन मिलीचा बिट एका बाजूनं झिजला होता. बदलते बदलते म्हणत दोन महिने गेले होते. त्या बिटनं अक्षराच्या तळाशी केसाएवढी एक रेघ सुटते. गिऱ्हाइकाला दिसत नाही, माझ्या बोटाला लागते.

शकुनच्या फळीवर ती रेघ होती. प्रत्येक अक्षरात.

मी फळी उलटी केली. मागं पेन्सिलीनं इंग्रजी सात लिहिलेलं. सातच्या पोटात आडवी रेघ. अशी रेघ मी देते, आयटीआयमध्ये लागलेली सवय.

मग सगळं आठवलं. महिन्यापूर्वी एक सभ्य पोरगा दुकानात आला होता. ललित नाव. नाटकासाठी पन्नास फळ्या पाहिजेत म्हणाला, बारा प्रकारचा मजकूर. "रंग भरू नका. मागं यादीतला नंबर टाकजा ताई, नाहीतर स्टेजवर गडबड होते." आता तोच ललित भगवी लुंगी लावून झोळीपाशी उभा होता.

तुम्ही म्हणाल, बाई, मजकूर कोरताना वाचला नाही काय? नाही वाचला. आमच्या धंद्यातली ही खोट आहे. मजकूर मोबाइलवर येतो, आम्ही तो उचलून मशीनच्या प्रोग्रॅममध्ये टाकतो, आणि त्यानंतर आम्हाला शब्द दिसत नाहीत. उंची दिसते, खोली दिसते, कोपरे दिसतात. "सुई सोड" मी बारा मिनिटांत कोरलं होतं आणि मला फक्त उकाराचा शेपटा नीट आला की नाही याची काळजी होती.

मला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता. बारा वाजत आले होते आणि रागिणीच्या जेवणाची वेळ एक.

मी फळी शकुनला परत दिली आणि स्टेजवर गेले. "महाराज, लाकूड आपल्या मनानं बोलते ना?"

"अर्थात."

"मग फळी चेल्यानं काहून काढायची? ज्याचं दुखते त्याले काढू द्या."

पाचशे माणसांसमोर नाही म्हणता येईना. पुढं पार्बताबाई बसल्या होत्या, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्यांसाठी आलेल्या. त्यांनी झोळीत हात घालून फळी काढली. ललितनं ती घ्यायला हात पुढं केला, पार्बताबाईंनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. त्यानं हात मागं घेतला.

मी मागचा नंबर पाहिला. अकरा. पहिल्या रांगेत पंजाबराव होते, एसटीचे निवृत्त कंडक्टर, आवाज अजून गाडीभर पोचणारा. माझ्या मोबाइलमध्ये ललितनं पाठवलेली यादी होतीच. ती उघडून मी त्यांच्या हातात दिली.

"काका, अकरा नंबरवर काय लिहिलं ते वाचा. फळी पाण्यात जायच्या आधी."

पंजाबरावांनी चष्मा पुसला. "अकरा. पोरगा होईल."

फळी घंगाळात गेली. आरती मात्र कोणी म्हणेना, म्हणून सगळे नुसतेच थांबलो. पाच मिनिटांनी मी फळी चोळली. अक्षरं आली: "पोरगा होईल".

पार्बताबाईंनी ती वाचून घेतली. "मले गुडघ्याचं पायजे होतं," त्या म्हणाल्या.

"ही देवाची लीला आहे," महाराज म्हणाले. "तो परीक्षा पाहून राहिला."

"पाहू द्या. दुसरी काढा."

दुसरी चार नंबरची निघाली. पंजाबरावांनी आधी वाचलं, "गोळी सोड." पाण्यातून तेच आलं. मागून कोणी म्हणालं, "हे बाई लोक देव मानत नाईत, यायचं काय ऐकता." मी म्हटलं, "दादा, माझं मानू नका. नंबर माना."

मग मी घंगाळाच्या तळातला गाळ वर काढला. लाकडाचा भुसा आणि बाभळीचा डिंक. कोरलेल्या अक्षरात हा लगदा भरायचा, वाळला की पॉलिश पेपरनं घासायचा, वरून भस्म. कोमट पाण्यात डिंक विरघळतो. एवढ्यासाठीच आरती लांब होती. नाव आणि दुखणं ललित सकाळी नोंदणीच्या टेबलावर लिहून घ्यायचा आणि त्याप्रमाणं नंबर काढायचा.

शकुन उठून स्टेजपाशी आली. तिनं आपली फळी उलटी करून बराच वेळ पाहिली.

"काका, सात वाचा."

"सुई सोड," पंजाबराव हळू बोलले. त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "नग सहा."

"सहा?"

"सहा लिहिलं आहे."

"म्हणजे हे माह्या रागिणीसाठी नव्हतं."

"नाई," मी म्हटलं. "जो कोणी येईल त्याच्यासाठी होतं."

"आन कोरली कोणी?"

"मी."

"काय लिहिलं ते पाहिलं नाई तू?"

"नाई पाहिलं."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं परातीतून बाटली उचलली, पदरानं पुसली आणि रागिणीचा हात धरून घराकडं निघाली. एकला दहा कमी होते.

मागं परातीवर एकच गर्दी झाली. कोणाची गोळी कोणती हे ओळखायला पाऊण तास लागला. दोन पाकिटं उरली, ती औषधाच्या दुकानदाराकडं ओळखायला दिली. महाराज तेवढ्यात ललितला घेऊन मागच्या फाटकानं गेले. झोळी मात्र राहिली. तीच पुढं पोलीस ठाण्यात पुरावा झाली आणि साक्षीदारांत पहिलं नाव माझं लागलं. साहेबांनी विचारलं, "कोरणाऱ्या तुम्हीच, तक्रार करणाऱ्याही तुम्हीच?" मी हो म्हटलं. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

शकुन दोन महिने माझ्याशी बोलली नाही. मग एका रविवारी आईकडं गेले तर तिनंच चहा पाठवला, रागिणीच्या हाती. रागिणी म्हणाली, "आई म्हणते, तुमच्या चहात साखर जास्त टाकली, तुमचं डोकं लवकर फिरते."

मी बिट बदलला. आता प्रत्येक मजकूर कोरायच्या आधी गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं वाचते. लोक कंटाळतात, खुशाल कंटाळू देत.

देवाला तुम्हाला काही सांगायचं असेल तर त्याला माझ्या मशीनची गरज पडू नये, एवढाच विचार करा. तुमच्याही पुढं कधी कोणी अशी फळी धरेल. नमस्कार करायचा असेल तर नंतर करा. आधी ती उलटी करून पाहा, कोणी केली, कशानं केली ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत घरातलं औषध घरातच राहू द्या.