माझ्या हौद्यातली पोरं

जुनी म्हणा, मित्रांनो, पण भंगार म्हणू नका! देवगाव रंगारीत बद्रीनाथ आबांच्या दारी, लिंबाच्या सावलीत उभी असलेली ती निळी पिकअप म्हणजे मी. पुढं बसायला केबिन, मागं माल भरायला उघडा हौदा, अन् हौदा मागून बंद करायला लोखंडी फाळका. माझा फाळका उघडताना असा करकरतो की गल्लीतली कुत्री उठून बसतात. वय झालं की कुणाचे सांधे वाजत नाहीत? तुमच्या आजीचे वाजत नसतील तर मला येऊन सांगा.

माझा जन्म नाशिककडच्या एका कारखान्यात झाला. ते दिवस आता धुक्यातल्यासारखे आठवतात. उडणाऱ्या ठिणग्या, ओल्या रंगाचा वास, अन् माझ्याच बहिणींची लांबच लांब रांग. मग आबा मला न्यायला आले. तेव्हा त्यांना कुणी आबा म्हणत नव्हतं, मिशा काळ्याभोर होत्या. देवगावात आल्यावर त्यांच्या कारभारणीनं, मनकर्णाबाईनं, माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली, कपाळाला हळदकुंकू लावलं अन् म्हणाली, "आली गं बाई लक्ष्मी घरी!" इतक्या मानानं कुणी बोलावल्यावर मी कशाला दुसरीकडं जाते? तेव्हापासून मी या घरची.

मी काय नाही वाहिलं! अद्रकाची पोती, मक्याची कणसं, कापूस, लासूरच्या बाजाराला कांदा. एकदा एक रुसलेली म्हैस नेली. तिनं वाटभर केबिनची मागची काच चाटून चाटून लख्ख केली. आबा सगळ्यांना सांगायचे, "माझी गाडी म्हंजी सोनं हाय सोनं, कधी अडली नाय." ते ऐकून माझं इंजिन उगाचच जोरात धडधडायचं.

पण खरं सांगू? मालानं पाठ भरून येते, पोरांनी हलकी होते. शेतीची कामं उरकली की आबा हौदा धुऊन काढायचे, त्यात बारदान अंथरायचे, अन् गल्लीतली सगळी पोरं टणाटण उड्या मारत चढायची. श्रावणी सोमवारी वेरूळ, चैत्रात खुलताबादचा मारुती. जाताना गाणी, येताना झोपा. ऊन उतरलेलं असायचं, माझा पत्रा अजून कोमट असायचा, अन् त्याला गाल लावून पोरं निजायची. डोंगरावरून येणारा वारा त्यांच्या केसांतून जायचा. मी खड्डे चुकवत, दिवे लावून, हळूहळू घराकडं यायची. असं वाटायचं की हा रस्ता संपूच नये, देवगाव थोडं पुढं सरकावं, अजून थोडं पुढं.

आबांचा थोरला मुलगा सत्यम या पोरांचा म्होरक्या होता. त्याची जागा ठरलेली, अगदी मागं, फाळक्याला टेकून.

मग पोरं मोठी झाली अन् पाखरं उडावीत तशी उडाली. सत्यम संभाजीनगरला गेला, वाळूजच्या कंपनीत लागला, हर्सूलला त्यानं घर केलं. माल न्यायला आबांनी दुसरी गाडी लावली. मी लिंबाखाली उभी राहिले. हौद्यात पाला साचला, कोंबड्या अंडी घालू लागल्या. दुपारी डोळा लागला की मला पाठीवर पोरांचं ओझं जाणवायचं, गाण्याची एखादी ओळ ऐकू यायची. जागी होऊन बघते तर कोंबडी! काय करणार, तिलाच आपलं म्हणायचं.

या वर्षी आबांच्या धाकट्या मुलाचं, राजकुमारचं लग्न निघालं. आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवडहाळे असतात. आंब्याच्या, जांभळाच्या, उंबराच्या हिरव्या फांद्या शेतातून तोडून आणायच्या, मारुतीच्या देवळापासून हलगी वाजवत मांडवापर्यंत मिरवायच्या. पूर्वी हे काम बैलगाडीचं. बैल गेले, तेव्हा तो मान मला मिळाला. डहाळे हौद्यापेक्षा लांब असतात, त्यामुळं फाळका लागतच नाही. मग तो तसाच उघडा सोडायचा, फांद्यांना एक दोरी आवळायची, अन् त्या हिरव्या ढिगावर पोरं बसवायची. प्रत्येक लग्नात असंच चालत आलेलं. कुणाच्या मनात कधी शंका आली नाही.

सत्यमची लेक प्रेरणा लग्नाला आली ती धावत माझ्याकडंच. तिच्या बापानं तिला झोपताना माझ्याच गोष्टी सांगितल्या होत्या. कोमट पत्रा, डोंगरावरचा वारा, सगळं. पोरगी माझ्या हौद्यावरून हात फिरवत म्हणाली, "आबा, मी डहाळ्यांवर बसणार. अगदी मागं, पप्पा बसायचे तिथं!"

"बसायचंच!" आबा म्हणाले. "आज्याचा शब्द हाय."

माझी बॅटरी बदलली, मला धुतलं, पुसलं, झेंडूची माळ घातली. आमचं शेत मोठ्या रस्त्याच्या पल्याड. तिथं जांभळाखाली डहाळे भरले अन् पोरं वर चढली. मित्रांनो, किती वर्षांनी ते ओझं पाठीवर आलं म्हणून सांगू! प्रेरणा सगळ्यात मागं, उघड्या फाळक्याच्या तोंडाशी, पाय खाली सोडून बसली. मला तर स्वप्नच खरं झाल्यासारखं वाटलं. चला आबा, लवकर किल्ली फिरवा, असं झालं.

तेवढ्यात मांडवाचं सामान पोचवून सत्यम मोटारसायकलवर आला. त्यानं वर बघितलं अन् त्याचा चेहरा उतरला.

"पोरं कुणी बसवली वर? उतरा आधी खाली!"

"म्या बसवली," आबा म्हणाले. "तू कुठं बसून मोठा झाला रं? शहरात जाऊन लई भित्रा झाला!"

"आबा, तवा रस्त्यावर गाड्या किती व्हत्या? आता बघा. अन् ही जांभळाची पानं किती निसरडी हायेत."

"गप रे! पडला व्हता ना तू एकदा? काय झालं? सांगू का पोरांना?" आबांनी कमरेवर हात ठेवले अन् आमच्या घराचा लाडका किस्सा सुरू केला. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तो होतोच. "आम्ही निघालो वेरूळला. हा मागं बसलेला. गतिरोधकावर गाडी उडाली अन् हा बाद! आम्हाला पत्ताच नाय. वेरूळला पोचून बघतो तर सत्या गायब! आता रडारड व्हणार, तेवढ्यात आपला कडुबा आला लुनावर. त्याच्या मागं कोण? आमचं बेणं! अन् हातात काय, तर पेरू! आम्ही इकडं देव पाण्यात घालायच्या बेतात, अन् ह्यो पेरू खात फिरतोय!"

सगळे खो खो हसले. प्रेरणा तर पोट धरून हसली. मीही हसलेच असते, मला तो किस्सा फार आवडायचा.

सत्यम मात्र हसला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "म्या पेरू खाल्ला नव्हता, आबा."

"आँ?"

"कडुबाकाकानं हातात दिला व्हता. म्या खाल्ला नाय. माझी दातखीळ बसली व्हती." तो डहाळ्यांकडं बघत बोलत होता. "म्या पडलो तवा मागनं ट्रक आला. त्यानं ब्रेक दाबला. चाक माझ्या डोक्यापासून हातभर लांब थांबलं. म्या उठलो अन् गाडीमागं पळालो. आबा, आबा म्हणत पळालो. पोरंबी वरून ओरडत व्हती. तुम्हाला वाटलं, गाणी म्हणत्यात. गाडी बारीक बारीक व्हत गेली, अन् मग दिसायचीच बंद झाली."

शेजारचे कडुबाकाका डहाळे भरायला आलेले होतेच. आबांनी त्यांच्याकडं बघितलं.

"व्हय, बद्रीभाऊ," कडुबाकाका खाली मान घालून म्हणाले. "लेकरू चड्डीत भिजलं व्हतं. म्या वढ्यावर धुऊन आणलं. तुम्ही समदे हसाया लागले, मग म्या गप बसलो. म्हणलं, हसण्यावारी गेलं तर बरंच."

"अन् तू? तू का नाय बोलला कधी?" आबांचा आवाज फाटला.

"तुम्ही लई हसत व्हते, आबा. मला वाटलं, हसायचीच गोष्ट आसंल."

मित्रांनो, माझं इंजिन बंद होतं, तरी आत काहीतरी तुटल्यासारखं झालं. ज्या आरडाओरड्याला मी इतकी वर्षं गाणं समजून जपत होते, त्यात एका पोराची हाक होती. मला मागं डोळे नाहीत. केबिनमध्ये बसणाऱ्यालाही नसतात. हौद्यातलं पोर पडलं तर गाडीला फक्त थोडं हलकं वाटतं, बस्स. अन् ते हलकं वाटणं मी आनंदात धरलं होतं!

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग ते मागं आले अन् त्यांनी प्रेरणापुढं दोन्ही हात केले. "ये बाई, खाली ये."

"तुम्ही शब्द दिला होता!" तिचे डोळे भरले.

"दिला व्हता. आता म्या त्यो मोडतो. आज्याचा शब्द मोडला तर मोडू दे, माझी बाई धड राहू दे."

त्यांनी एकेक पोर स्वतः उतरवलं. सत्यमनं घरून आपली कार आणली अन् तिच्यातून पोरांना देवळापाशी नेलं. मी एकटी, नुसते डहाळे घेऊन, मोठा रस्ता ओलांडून गेले. खोटं कशाला बोलू, वाटभर मला रडू येत होतं.

देवळापाशी हलगी कडाडली. मनकर्णाबाईनं मला ओवाळलं. मिरवणूक चालत जायची होती, म्हणून आबांनी पोरांना माझ्या कितीतरी पुढं, हलगीवाल्यांजवळ उभं केलं. मधे सत्यम अन् कडुबाकाका हात पसरून चालले. मी माणसाच्या पावलानं मागून निघाले. आधी प्रेरणा रुसून चालत होती, तोंड एवढं फुगलेलं. मग हलगीनं ठेका बदलला, पाय थिरकले, अन् ती वळून माझ्याकडं बघून नाचायला लागली.

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी पोरांना नुसतं पाठीवर जाणलं होतं. त्यांचे चेहरे कधी बघितलेच नव्हते! आता ते सगळे माझ्यासमोर होते. गुलाल लागलेले, घामेजलेले, पडके दात दाखवून हसणारे. उतरतं ऊन त्यांच्या कपाळावर होतं, धूळ सोन्यासारखी उडत होती, अन् माझ्या पाठीवरचे डहाळे सळसळत होते. देवगाव थोडं पुढं सरकावं, असं मला पुन्हा वाटलं.

मांडवात डहाळे उतरवून झाले, माणसं चहाला गेली. आबा माझ्या चाकाशी उकिडवे बसले होते. सत्यम पाण्याचा तांब्या घेऊन आला. आबांनी तांब्या घेतला, पण पाणी प्यायले नाहीत. या वाढलेल्या, बापमाणूस झालेल्या लेकाच्या गुडघ्याकडं बघत त्यांनी विचारलं, "लई लागलं व्हतं का रं?"

सत्यम त्यांच्याशेजारी बसला अन् लहान पोरासारखा म्हणाला, "व्हय, आबा. लई लागलं व्हतं."

आबांनी त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही मोठी माणसं सांगतील, आम्ही असंच उघड्या गाडीतून फिरलो, आम्हाला काय झालं? ती खोटं बोलत नाहीत. त्यांचा वारा खराच गोड होता, मी साक्षीला आहे. पण कुणी तुम्हाला हौद्यात चढ म्हणालं, तर खुशाल माझं नाव सांगा. म्हणा, देवगावची म्हातारी पिकअप सांगते, हौदा मालासाठी असतो. अन् आमच्यावर रुसू नका. आम्हा गाड्यांनाही तुम्ही हवे असता. फक्त सगळेच्या सगळे, घरी पोचलेले हवे असता.