तांब्यावरचा मालोजी

"ह्ये आमचं घरधनी नायत," ठकूबाई म्हणाली आणि भिंतीवरच्या चित्राकडे तिने पाठ केली.

मधली सुट्टी चालू होती. ड्रॉइंगच्या वर्गात मी एकटाच पेन्सिलींना टोकं काढत बसलो होतो. ही बाई कापड्याहून पोलादपूरपर्यंत चालत आणि पुढे एस.टी.ने महाडला माझ्या शाळेत आली होती, ती केवळ हे चित्र बघायला. चित्रात तिचा नवरा मालोजी होता. आदल्या श्रावणात पुरात अडकलेली म्हैस सोडवायला म्हणून तो नदीत उतरला आणि वाहून गेला. प्रेत मिळालं नाही. त्याचा फोटो तर जन्मात कधी निघालाच नव्हता. तेव्हा चित्र बघून बाई रडेल, मग आपण चार समजुतीचे शब्द बोलायचे, असं मी मनाशी ठरवूनही ठेवलं होतं. ते शब्द तोंडातच राहिले.

"अहो, असं काय करता? नीट बघा. गालावरचा व्रण बघा, बैलाचं शिंग लागून झालेला."

"बगितला. त्यांचा व्रण डाव्या गालाव व्हता. ह्याचा उजव्या गालाव हाय. ह्यो दुसराच कोणतरी हाय."

तिचं बरोबर होतं. पण माझंही चूक नव्हतं, आणि आपलं चूक नाही हे पटवून देण्याची मास्तर लोकांना फार हौस असते. मी तिला बसवून घेतलं आणि समजावलं. हे चित्र हाताने कागदावर काढलेलं नाही. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा काळा थर देतात, त्यावर सुईने रेघा ओढतात. मग पत्रा तेजाबात ठेवला की रेघ असेल तिथे तांबं खाल्लं जातं. त्या खाचांत शाई भरून वर कागद दाबतात. पत्र्यावर जे डावं, ते कागदावर उजवं उमटतं. आरशात दिसतं तसं.

ठकूबाईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी पत्र्याव बराबर हाय?"

"हो. पत्र्यावर बरोबर आहे."

"आनि त्यो अंगठा?"

अंगठ्याची गोष्ट अशी. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे एकसष्ट साली, मुंबईचे चित्रकार गोविलकर महाडला उतरले. त्यांना बारा चित्रांचा संच करायचा होता आणि त्यासाठी त्यांना 'मातीतल्या प्रतिमा' हव्या होत्या. गावात दुसरा चित्रकार नाही, म्हणून लोकांनी त्यांना माझ्या गळ्यात मारलं. मी वरवर कुरकुर केली. आतून मात्र मला आभाळ ठेंगणं झालं होतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात आणि माठ, पेला, केळ्याचा घड काढून घेण्यात माझी सोळा वर्षं गेली होती. मुंबईचा एक खरा चित्रकार आपल्याशी बरोबरीने बोलतो आहे, चहा पिताना 'तुमचं काय मत?' असं विचारतो आहे, याची मला नशाच चढली.

मी त्यांना कापड्याला नेलं. तिथे देवळामागे एक झिजलेला वीरगळ आहे, ढाल-तलवारवाला कुणी जुना लढवय्या. बायका त्याच्या आडोशाला शेणी वाळत घालतात. तो त्यांनी काढला. ठकूबाईच्या देवघरातले टाक काढले. टाक म्हणजे घरातल्या देवांचे आणि मेलेल्या वाडवडलांचे छोटे ठोकीव पत्रे. प्रत्येकावर एक घोडेस्वार, सगळे एकमेकांसारखे. पुढे संच मुंबईत लागला तेव्हा कुणा टीकाकाराने पेपरात लिहिलं की या प्रतिमांचा उगम माणसाच्या आदिम स्मृतीत आहे. असेलही. मला माहीत आहे तो उगम पोलादपूरपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता, आणि गोविलकर तिथे ओटीवर बसून भाकरी खात होते.

मालोजीचं चित्र त्यांनी त्याला समोर बसवून थेट पत्र्यावरच काढलं. शेवटी थर मऊ राहावा म्हणून पत्रा निखाऱ्यावर धरला, तर मालोजी पुढे वाकला. "गरम हाय काय ओ ह्ये?" म्हणत त्याने एका कोपऱ्यावर अंगठा टेकवला. मी ओरडलो. मालोजी कानकोंडा झाला. गोविलकर मात्र पत्रा उजेडात धरून बघत राहिले. मेणात अंगठ्याच्या सगळ्या रेषा उठल्या होत्या. "राहू द्या," ते म्हणाले, "याहून चांगलं मला काढता आलं नसतं." मुंबईला गेल्यावर तेजाबाने चेहऱ्याबरोबर तो अंगठाही तांब्यात कोरला. विकायच्या प्रतींआधी चाचणीसाठी काढलेली एक प्रत त्यांनी मला भेट पाठवली, तीच मी वर्गात लावली होती.

त्यानंतर तीन महिन्यांत मालोजी गेला.

ठकूबाईला आता तो पत्रा हवा होता. तिला मूलबाळ नव्हतं. मालोजीचा चुलता सयाजी हा भावकीतला वडीलधारा. त्याचं म्हणणं होतं की ज्याची माती झाली नाही, त्याचा टाक सोनाराकडून नुसता ठोकून आणला तर तो कुणाचाच होत नाही. त्यात त्या माणसाच्या अंगाचं काहीतरी पाहिजे. हाड, केस, काहीही. नदीने काहीच ठेवलं नव्हतं. वर्षश्राद्धापर्यंत काही मिळालं तर मिळालं, नाहीतर तो विषय संपला.

"अंगठा त्यांच्या अंगाचा हाय का नाय?" ती मला म्हणाली. "सयाजीमामांना मी ह्येच म्हनलं, तर त्ये म्हनलं, आना पत्रा, बसवू देवात. टाक देवात बसला, मास्तर, की मी मेल्याव घरात जो कोण ऱ्हाईल त्यो त्येला निवद दावतो. मानूस वळखीचा नसला तरी दावतो. तुमच्या ह्या कागदाला कोण निवद दावनार हाय?"

मी म्हणालो, "आजच पत्र लिहितो."

लिहिलं. त्याच दिवशी लिहिलं. आणि इथेच मी माती खाल्ली.

पत्राचा पहिला मसुदा खरा होता. 'मालोजीच्या विधवेला ती प्लेट पूजेत ठेवायची आहे,' असं मी लिहिलं आणि वाचून पाहिलं. मला गोविलकरांचा चेहरा दिसला. मुंबईच्या मित्रमंडळीत ते पत्र वाचून दाखवताहेत, सगळे हसताहेत, आणि 'आमचे महाडचे मास्तर' देवघरात तांब्याची प्लेट मांडून घंटा वाजवताहेत. मी कागद फाडला. दुसरा घेतला. 'आमच्या विद्यार्थ्यांना या तंत्राची ओळख व्हावी, म्हणून संचातील मालोजीची प्लेट नमुन्यादाखल शाळेस देता आल्यास उपकृत होईन.' भाषा सुरेख जमली म्हणून मी स्वतःवर खूषही झालो.

श्राद्धाच्या दोन दिवस आधी पार्सल आलं. वर गोविलकरांची चिठ्ठी होती. पंचवीस प्रती छापून संपल्या, सगळ्या गेल्या. प्लेट आनंदाने देतो आहे. 'मात्र ती शाळेत जाणार, मुलं हाताळणार, तेव्हा आमच्या प्रथेप्रमाणे रद्द करून पाठवतो. नाहीतर तुमची पोरं माझ्या चोरट्या प्रती काढायची! बाकीच्या अकरा अजून तशाच आहेत.'

मी कागद सोडवला. मालोजी होता. व्रण डाव्या गालावर होता. कोपऱ्यात अंगठा होता. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, कपाळावरून, डोळ्यावरून, अंगठ्यावरून, धारदार हत्याराने ओढलेल्या दोन खोल रेघांची फुली होती. छपाई संपली की चित्रकार पत्र्यावर अशी फुली मारतात, हे त्यांनी मला चहा पिताना सांगितलं होतं. मी जाणत्यासारखी मान हलवली होती.

बाजारपेठेतल्या सोनाराकडे धावलो. त्याने रेघेत नख घातलं. "मास्तर, ही घासून काढायची म्हणजे माणूसही घासला जाईल," तो म्हणाला.

श्राद्धाच्या दिवशी मी पत्रा घेऊन कापड्याला गेलो. वाटेत मी स्वतःची समजूत घालत होतो की खेड्यातल्या माणसांना एवढं कुठलं कळायला, रेघाच त्या, चित्रात शेकडो आहेत. शिकलेला माणूस घाबरला की किती हलकट होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

ओटीवर भावकीतली आठ-दहा माणसं बसली होती. देवघरात टाकांच्या शेजारी एक जागा सारवून मोकळी ठेवली होती, खाली तांदूळ पसरले होते. ठकूबाईने पत्रा माझ्या हातातून घेतला आणि दाराच्या उजेडात गेली. बराच वेळ बघत राहिली.

"ह्येच," ती म्हणाली. "ह्येच हायत."

सयाजीने हात पुढे केला. त्याला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. त्याने पत्र्यावरून बोटं फिरवली. अंगठा लागला तेव्हा त्याचा चेहरा उजळला. मग बोट रेघेत अडकलं. तो रेघेच्या बाजूने बोट नेत गेला, शेवटपर्यंत. मग दुसऱ्या रेघेने परत आला.

"ह्ये कोणी केलं?"

मी खाली बघत होतो.

"खंडित झालाय गो ठकू," सयाजी म्हणाला. "खंडित देवात बसत नाय."

"मामा, तोंड तर हाय. अंगठा हाय."

"अंगठा फाटलाय. मी काय करू, पोरी? उद्या घरात कायतरी वंगाळ झालं तर लोक ह्येच्याकडं बोट दावतील. तुला चालंल ते?" त्याने पत्रा तिच्या हातात परत दिला. "त्येला पाण्यात सोडाया लागंल. मडं समजून सोडू. माती झाली असं तरी व्हईल."

"मंग दुसरा टाक?"

सयाजीने मान हलवली. अंगाचं जे काही होतं ते हेच. ते पाण्यात गेल्यावर कशाचा टाक?

मी वर्षभर ऐकत होतो की ठकूबाईचं कुठेच काही ठरत नाही. विधवा म्हणावं तर मडं नाही, सवाष्ण म्हणावं तर नवरा नाही. हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं आणि कुंकू पूसही म्हणत नव्हतं. त्या दुपारी पाच मिनिटांत सगळं ठरलं.

नदीवर माणसं मागे थांबली. शेवटपर्यंत पुढे मी आणि ती गेलो. पाणी गढूळ आणि मोठं होतं. मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. पहिला कागद, दुसरा कागद, बाकीच्या अकरा प्लेटी तशाच आहेत, तेही सांगितलं. म्हणालो, खरं लिहिलं असतं तर ती फुली पडली नसती.

तिने पत्रा पदराने पुसला. "तुमाला लाज वाटली व्हय, मास्तर?"

"हो."

"आमची?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"कागद किती काडलंनी त्यांचं?"

"पंचवीस."

"पंचवीस घरांत हायत," ती म्हणाली, "आनि हितं नायत."

ती गुडघाभर पाण्यात उतरली. पत्रा तिने वाकून, पाण्याला टेकवून सोडला. तांबंच ते, क्षणात खाली गेलं. कुठे गेलं ते बघायलाही पाण्याने काही ठेवलं नाही. मागून भावकीतल्या दोन म्हाताऱ्या खाली आल्या. त्यांनी तिचं कुंकू पुसलं आणि तिला काठावरच्या दगडाजवळ बसवलं. रडणं त्यांनीच काढलं. ठकूबाईने मनगट स्वतःच दगडावर आपटलं, एक हात आणि मग दुसरा.

सगळे माघारी वळले. वळून बघायचं नसतं म्हणून कुणी बघितलं नाही. मी मात्र पाहिलं. ठकूबाई अजून दगडाजवळच उकिडवी बसली होती. संध्याकाळी इथे बायका पाण्याला येतात, अनवाणी येतात. ती हिरव्या काचेचा एकेक तुकडा चिखलातून वेचून पदरात जमा करत होती.