खांदेमळणी

साळुबाईनं पेंडीचं घमेलं गव्हाणीत उपडं केलं आणि हात झटकत ती गोठ्याच्या दाराशी आली. समोरून तिचा लेक सोपान मोटर चालू करायला निघाला होता. मोटरीची वाट गोठ्याच्या पुढूनच जाते. पण हा उकिरड्याला वळसा घालून, परसातल्या चिखलातून चालला होता. चैत्रापासून त्याची हीच वाट.

"बघा, एवढा बाप्या गडी," ती ओट्यावरच्या सुनेला म्हणाली, पण आवाज उकिरड्यापर्यंत पोचेल असा लावून. "वाटंवर बैल बांधलाय म्हणून घराला प्रदक्षिणा घालतोय. उद्या सणाला तुझ्या माहेरचं पावणं आलं अन् जावई कुठं म्हणून इचारलं, तर काय सांगू? उकिरड्यावर हायेत, बसा?"

सोपान थांबला नाही. डावा पाय जरा ओढत तो शेवग्याआड गेला.

सून सरू खाली मान घालून वाटीत हळद आणि तूप कालवत होती. उद्या पोळा. या मुलखात तो भादव्यात येतो. आणि आज संध्याकाळी खांदेमळणी. जू ओढून घट्टे पडलेले बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळायचे आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. हे काम घरच्या धन्याचं. गड्याचं नाही आणि बाईचं तर नाहीच.

घरात बैल एकच, हरण्या. नांगराला त्याला कधी जुंपला नाही. यात्रांमधल्या गाड्यांच्या शर्यतीत तो पळायचा आणि सोपान त्याच्यावरून जीव ओवाळून टाकायचा. चैत्रातल्या यात्रेत जुंपता जुंपता हरण्या बिथरला आणि त्याचं शिंग सोपानच्या मांडीत गेलं. शर्यतीच्या घाटावर बायका जात नाहीत, त्यामुळं साळुबाईनं ते पाहिलं नाही. तिनं पाहिला तो नारायणगावच्या दवाखान्यात कुणीतरी तिच्या हातात दिलेला पायजमा. पिशवीत कोंबलेला, जड.

लेक दवाखान्यातून घरी आला तो थेट खाटेवर. बैलाचं वैरणपाणी, शेणघाण तिनं स्वतःकडं घेतलं. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही काही म्हटलं नाही. नळावर बायकांनी नवल केलं की ती म्हणायची, "बैलाला भ्यायला मी काय गाडामालक हाय?"

त्यात आणखी एक वैताग होता. गोठ्याच्या दाराबाहेर तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा असे, पेंड भिजवायचा. तो डबा तिला अधूनमधून आतच सापडायचा. कधी उंबऱ्याला लागून पालथा, तर कधी मधल्या खांबापाशी, मेढीपाशी. ती तो उचलून बाहेर आणायची आणि सुनेला झाडायची.

"डब्याला पाय फुटलेत का गं? का तुझ्या आईनं वस्तू जागेवर ठेवायचं शिकीवलंच न्हाई?"

सरू गप्प राहायची. तिच्या त्या गप्प राहण्याचाही साळुबाईला राग यायचा.

उन्हं कलली तसा भिका हेडी आला. बेल्ह्याच्या बाजारात गुरांची दलाली करणारा माणूस. साळुबाईनंच त्याला निमगाव साव्याच्या एसटीडी बूथवरून निरोप धाडला होता, घरात कुणाला न सांगता. त्यानं दारातूनच हरण्याला न्याहाळलं आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं.

"मामी, बैल सोन्यासारखा हाय. पण खांद्याला हळद न्हाई लागली अजून. पोळा झाला अन् खांदा कोरडा, तर गिऱ्हाईक इचारतं, धनी मेला का काय?"

"धनी जित्ता हाय. उकिरड्यावर हाय."

भिका हसला. मग हसू आवरून म्हणाला, "एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. मारका म्हणून बोभाटा झालाय त्याचा. दावणीला बांधणारा आता कुणी घ्यायचा न्हाई. जो घेईल तो लांबचा असंल, अन् त्याला बैल काय पळवायचा नसंल."

सरूचा हात वाटीतच थांबला.

"न्यायचा तिकडं ने," साळुबाई म्हणाली. "मला दारात नको. आज मांडीवर भागलं. उद्या त्यानं..."

तिनं पदर खोचला.

"परवा टेम्पो घेऊन येतो," म्हणत भिका गेला.

ती तरातरा ओट्यावर आली. "आण ती वाटी. मीच फासते हळद. हसू दे गावाला."

सरूनं वाटी सोडली नाही.

"आत्याबाई, डबा मी न्हेत न्हाई आत."

"मंग कोण न्हेतं? भूत?"

"तुमी दुपारी जरा पडता ना, तवा ते जात्यात. आधी दारातच डबा पालथा घालून बसायचे. मंग उंबऱ्याच्या आत. सगळा सदरा भिजायचा घामानं. उठताना म्हणायचे, आज एवढंच. परवा मेढीपाशी पोचले व्हते." तिनं वाटी छातीशी धरली. "तुमी डबा भाईर आणून ठेवला, की दुसऱ्या दिशी त्यांचं पुन्यांदा दारापासनं."

साळुबाईनं गोठ्याच्या दाराबाहेरच्या डब्याकडं पाहिलं.

"मला सांगायला तोंड शिवलं व्हतं का तुजं?"

"सांगितलं असतं तर तुमी दुपारचं निजायचं सोडलं असतं."

परसाकडून पाय झाडल्याचा आवाज आला. सोपान चिखलानं भरलेल्या पायांनी उभा होता. त्यानं कुठपासून ऐकलं होतं ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. तो ओट्याशी आला आणि बायकोच्या हातातून वाटी घेतली.

साळुबाई त्याच्या आधी गोठ्याच्या दारात पोचली. दोन्ही हात चौकटीला दोन्हीकडं लावून उभी राहिली.

"सर आई."

"मारील त्यो."

"मारील," सोपान म्हणाला. वाद घालायचा म्हणून नव्हे. त्यालाही तेच वाटत होतं.

तिच्या पाठीमागं दावं खळखळलं. हरण्या उभा राहिला होता, दोन्ही कान पुढं करून लेकाच्या आवाजाकडं. इतके महिने तिनं पेंड घातली, पाणी दाखवलं, पण तिच्या आवाजाला त्यानं एकदासुद्धा कान टवकारला नव्हता.

एक हात चौकटीवरून खाली आला. सोपान तेवढ्या जागेतून आत गेला. जाताना त्यानं डबा उचलून घेतला.

मेढीपाशी तो बसला. मग उठला, डबा गव्हाणीला लावला आणि पुन्हा बसला. हळदीचं तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं. तोंडानं तो काहीतरी पुटपुटत होता, बैलाला की स्वतःला, देव जाणे. बोटं खांद्याला टेकली तेव्हा हरण्याची कातडी थरारली आणि सोपानचा हात मागं आला. पुन्हा पुढं गेला. घट्टा मऊ होईपर्यंत त्यानं चोळलं. हरण्यानं सगळा भार त्याच्या तळव्यावर टाकला आणि डोळे मिटले.

एक खांदा झाला. दुसरा भिंतीकडचा. शिंग लागलं होतं ते त्याच बाजूचं, आणि तिथं बैल आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम मावेल एवढीच जागा. आत गेलेल्याला पळायला वाट नाही. सोपान त्या फटीकडं बघत राहिला. पाठीवर सदरा चिकटला होता.

"आज एवढंच," तो म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

साळुबाई आत आली. तिनं वाकून डबा उचलला. ओट्यावरून सरू पुढं झाली, तिला वाटलं आता हा डबा बाहेर येणार. साळुबाईनं हरण्याच्या पुठ्ठ्यावर चापट मारून त्याला इकडं सरकवलं आणि डबा भिंतीच्या बाजूला नेऊन आदळला. गोठा दणाणला.

मग ती दारात गेली, गोठ्याकडं पाठ केली आणि उंबऱ्यावर बसली. पदराचा बोळा मुठीत धरलेला होता.

"भितोस तू," ती समोरच्या उकिरड्याकडं बघत म्हणाली. "तुझा बाप न्हाई भ्याला कदी, पण त्याला तेवढी अक्कलच नव्हती. तू भितोस, अन् आईला चोरून रोज इथं येऊन बसतोस. माझ्याच घरात. त्या भिक्याला परवा तूच हाकलायचा, माझं तोंड मी इटाळणार न्हाई. अन् एका खांद्याची हळद घेऊन बैल माझ्या दारातनं मिरवायला निघायचा न्हाई, सांगून ठेवते. बस तिथं. मी बघत न्हाई तुझ्याकडं. दुसरा खांदा ऱ्हायलाय."